पेठेच्या नोंदी : बंदर ते एसटी स्टँड

12 जानेवारी 2024, शुक्रवार

वाचनालयाच्या माडीवर पहिली बैठक झाली. वीसेक जण आले, त्यातले चौघे चहा घेऊन उठले. माझं स्टेशनरीचं दुकान, अक्षर बरं, शिवाय शाईची बाटली घरचीच, म्हणून नोंदी ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

विषय एकच. पेठ बसत चालली आहे. बंदरापासून एसटी स्टँडपर्यंत पंधरा मिनिटांची वाट, आणि तेवढ्यात कुलूप लागून गंज चढलेली शटरं कितीतरी. माझ्या शेजारचं भांड्यांचं दुकान गेल्या दिवाळीनंतर उघडलेलंच नाही. दाराशी अजून कंदिलाची काठी लटकते आहे.

कारणं सांगताना सगळ्यांचा आवाज चढला. मोबाइलवरची खरेदी, महामार्गावरची मोठी दुकानं, गाडी लावायला जागा नाही. भुसारी आबा शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "पेठेचं तोंड आधी बंदराकडे होतं. मुंबईची आगबोट बाहेर थांबायची, माल पडावातून उतरायचा. एसटी आली तेव्हा तोंड स्टँडकडे फिरलं. आता म्हणे हायवेकडे फिरवा. पेठ म्हणजे काय पंखा आहे?"

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली तेव्हाही पेठेत पेढे वाटले होते. स्टेशन पडलं लांब. चाकरमानी रिक्षात बसतो तो थेट वाडीत उतरतो, पेठ त्याला लागतच नाही.

आबांची नात पुण्यात आर्किटेक्ट झाली आहे, सध्या इथेच असते. आराखडा ती फुकट काढून देणार. अट एकच: आधी रस्ता मोजायचा, मग बोलायचं.

21 जानेवारी, रविवार

सकाळी सात ते अकरा मोजणी. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं आबांच्या नातीच्या. कुत्री सोबतीला.

सगळ्यात चिंचोळी जागा तेलाच्या घाण्यासमोर, 5.4 मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे पादचाऱ्याला किमान 1.8 मीटर मोकळी वाट हवी. दोन्ही बाजूंना तेवढी सोडली की मध्ये उरतात 1.8. म्हणजे तीन फूटपाथ झाले आणि रस्ता नाहीच. ती म्हणाली, "काका, इथे फूटपाथ काढायचाच नाही. सगळा रस्ता एकाच पातळीचा ठेवायचा. चालणारा मधून चालेल, गाडी त्याच्या मागून येईल." मी लिहून घेतलं. पटलं की नाही ते ठरवलं नाही.

दुसरी गोष्ट मी पन्नास वर्षं बघतो आहे, पण मोजली आज. आमच्या आजोबांच्या वेळी दुकानात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. मी लहान असताना एक उरली होती. आता एक पायरी उतरावी लागते. दुकान खचलेलं नाही, रस्ता वर आला आहे. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर. खाली खरवडायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग पावसात पाणी जाणार कुठे? सरळ वह्यांच्या गठ्ठ्यात.

अजून एक. मराठी पाट्यांची सक्ती झाली ते बरंच झालं, पण सर्वोच्च न्यायालयाची दोन महिन्यांची मुदत 2023 च्या नोव्हेंबरात संपत आली तेव्हा सगळ्यांनी एकाच फ्लेक्सवाल्याकडे धाव घेतली. आता पेठभर एकाच वळणाची अक्षरं, आणि त्यांच्यामागे माडीच्या नक्षीच्या खिडक्या झाकल्या गेल्या.

4 फेब्रुवारी, रविवार

दुसरी बैठक. पाऊण तास रंगावर गेला. कापडवाल्या शेठना सगळी दुकानं गुलाबी हवीत, कारण ते जयपूरला जाऊन आले आहेत. मेडिकलवाल्याचं म्हणणं पांढरा. इथे पांढरा रंग पहिल्या पावसाळ्यात हिरवा होतो, हे त्याला त्याच्याच भिंतीवर दाखवावं लागलं.

नात मध्येच म्हणाली, "रंग कुणी लावायचा? मालकाने की भाडेकरूने?" बैठक गप्प झाली. खरं दुखणं हेच होतं आणि एवढा वेळ सगळे त्याच्या कडेकडेने फिरत होते.

पेठेतली निम्म्याहून जास्त दुकानं जुन्या भाड्याची. आजोबांनी पागडी दिली, नातू भाडं भरतो. एका दुकानाचं भाडं महिना पंच्याऐंशी रुपये आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते. पंच्याऐंशीचे 4 टक्के म्हणजे तीन रुपये चाळीस पैसे. त्यात मालक एक कौल बदलू शकत नाही. भाडेकरू म्हणतो, छप्पर मालकाचं, मी का शाकारणी करू? मालक म्हणतो, दुकान पडलं तर बरंच, जागा मोकळी होईल. असं दोघे वाट बघत बसले आहेत आणि वासा कुजतो आहे.

बंद शटरांची गोष्ट याच्याही पुढची. भांड्यांच्या दुकानाच्या मालमत्ता पत्रकावर अकरा नावं. दोघं परळला, एक डोंबिवलीत, एक बडोद्याला, तिघांचा पत्ता नाही, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दुकान चालवायला घेणारा माणूस तयार आहे, पण सही कुणाकुणाची घ्यायची? कोकणात घरं अशी बंद पडतात हे ठाऊक होतं, दुकानंही त्याच रोगाने जातात हे आज नीट कळलं.

ठरलं ते एवढंच: मालक आणि भाडेकरू दोघांनी शाकारणीचा खर्च अर्धा अर्धा करावा, तसं साध्या कागदावर लिहून द्यावं, आणि त्या कागदाचा मालकी-भाडेकरूपणाच्या कुठल्याही दाव्यात उपयोग करू नये. वकील म्हणाले, कायद्याने याला फारसं वजन नाही. आबा म्हणाले, "पेठेत आहे."

पाच जोड्या तयार झाल्या. पाचच. पण झाल्या.

26 फेब्रुवारी, सोमवार

आज चूक कबूल करायचा दिवस. दोन बैठका झाल्या, एकही मासळीवाली आली नाही. आम्ही म्हणत होतो, त्यांना रस नाही. नातीने जाऊन विचारलं तर उत्तर आलं, "संध्याकाळी पाचला कोण येणार? होड्या लागतात तेव्हा. लिलाव सोडून तुमचा चहा प्यायला येऊ?"

म्हणून आज दुपारी अडीचला जाळी विणायच्या शेडमध्ये आम्ही गेलो. चौदा बायका बसल्या होत्या. कापडवाले शेठ नाकाला रुमाल लावून आले होते. एक काकी म्हणाली, "शेठ, तुमच्या दुकानात नवं कापड फाडता तेव्हा त्याचा पण वास येतो, आम्ही कधी नाक धरलं?" रुमाल खिशात गेला.

त्यांच्यासाठी बंदराकडच्या टोकाला पक्की इमारत आहे. ओटे आहेत, नळ आहे, वर पाटी आहे. आत कुणी बसत नाही. आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो की यांना शिस्त नको. काकीचं म्हणणं: इमारतीचं दार पेठेच्या उलट्या बाजूला काढलं आहे. गिऱ्हाईक पेठेतून येतं, नारळ घेतं, कोथिंबीर घेतं, जाता जाता बांगडा घेतं. त्याने वळसा घालून आत का यावं? एकीने जागा सोडून आत बसून पाहिलं, दोन दिवसांत अर्धी टोपली सुकवायची वेळ आली.

2014 चा पथविक्रेता कायदा मी घरून वाचून गेलो होतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत 40 टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत, आणि त्यात एक तृतीयांश बायका. हे वाचून दाखवलं. काकीने विचारलं, "ही समिती कुठे बसते?" कागदावर बसते, असं सांगावं लागलं.

मागण्या त्यांनी बोटांवर मोजून दिल्या. डोक्यावर सावली, पायाखाली पाणी साचू नये, संध्याकाळी दिवा, आणि बायकांची मुतारी. शेवटची मागणी सांगताना कुणी लाजलं नाही, ऐकताना आम्हीच लाजलो. पेठेत बायकांसाठी एकही नाही. माझ्या दुकानात काम करणारी मुलगी कुठे जाते हे मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही.

17 मार्च, रविवार

कालपासून लोकसभेची आचारसंहिता. नगर परिषदेतल्या साहेबांनी फाइल बंद करून हात जोडले. तसेही 2022 पासून नगरसेवक नाहीतच, प्रशासकांचा कारभार. आमच्या प्रभागाचा माणूस कोण, असं नात विचारते. मी म्हणतो, माजी.

26 मार्च, मंगळवार

शिमग्यात पालखी पेठेतून गेली. चौकात पालखी नाचवताना नात एका ओट्यावर चढून जागा बघत होती. खांद्यावरून वर उचललेली पालखी, ढोलवाले, भोवती रिंगण. आराखड्यातली स्वागत कमान, मधला कारंजा आणि दोन्ही बाजूंचे कठडे तिने रात्रीच खोडले. कमानीसाठी एका देणगीदाराचं नावही ठरलं होतं. त्याला सांगायचं कोणी? ते काम अर्थात माझ्याकडे.

19 मे, रविवार

काल शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ पेठ गाड्यांना बंद ठेवून पाहिली. मतदान 7 तारखेला होऊन गेलं होतं, चाकरमानी गावात होते. पोलिसांनी तोंडी होकार दिला, लेखी म्हणे जूनमध्ये बघू. दोन टोकांना दोन बैलगाड्या आडव्या लावल्या. बैलांशिवाय.

पुण्यात लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, 2021 पासून. चेन्नईत पाँडी बझारला 2019 मध्ये रुंद पदपथ करून रस्त्याचं रूपच पालटलं. नातीने त्यांचे फोटो भिंतीवर लावले होते. आबांनी बघून विचारलं, "यांच्याकडे गटार कुठाय?" तेव्हा आम्ही हसलो होतो.

काय झालं ते लिहितो. कोकम सरबत, आंबापोळी, काजूगर, खेळणी यांचं चांगलं झालं. माझ्या पतंगाच्या कागदाला मे महिन्यात कुणी विचारत नाही, पण तोही गेला. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली. हार्डवेअरवाल्याचा धंदा शून्य. तो आठ वाजता माझ्यासमोर येऊन म्हणाला, "सिमेंटची गोणी लोक खांद्यावर नेणार का? तुम्ही सरबत विका." त्याचं खरं आहे. बर्फाची गाडी अडकली, आणि मासळीवाल्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. रिक्षावाल्यांनी आज स्टँडवर मला बसू दिलं नाही, चालत आलो.

ठरलं असं: मालाचे टेम्पो सकाळी नऊच्या आत, बर्फाची गाडी कधीही, गाडीबंदी फक्त शनिवारी संध्याकाळी. हार्डवेअरवाला शनिवारी दुपारीच पोचवून देणार. रोज बंद करा म्हणणारे आमच्यातलेच तिघे नाराज झाले. त्यांच्यापैकी एकाचंही पेठेत दुकान नाही.

12 जून, बुधवार

पाऊस लागला. पेठेवर निळं प्लास्टिक चढलं. ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या उंचीचं, एकाची पागोळी दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या मानेत. पूर्वी प्रत्येक दुकानाला पुढे पडवी होती, कौलं एका रेषेत उतरत, माणूस स्टँडपासून बंदरापर्यंत छत्री न उघडता जाई. पडव्या पुढे आत घेऊन दुकानं मोठी केली, त्यात आमचंही आलं.

22 जुलै, सोमवार

आजची नोंद मोठी होणार.

दरवर्षी बंदराकडच्या टोकाला पाणी भरतं. नगर परिषदेच्या अभियंत्यांचं म्हणणं गटार लहान आहे, मोठं करू. अंदाजपत्रकही तयार आहे. मासेमारीची बंदी 31 जुलैपर्यंत, म्हणून शेडमधले तांडेल मामा, म्हणजे होडीचे म्होरके, रिकामे होते. ते म्हणाले, "गटार मोठं केलंत तर समुद्र आणखी आरामात आत येईल."

त्यांनी हिशेब सांगितला, तो इथल्या पोराटोरांना येतो आणि आम्हा दुकानदारांना येत नाही: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. काल गुरुपौर्णिमा झाली, आज प्रतिपदा, एकाची पाऊणपट म्हणजे पाऊण. दुपारी पाऊण वाजता भरती पूर्ण. उधाणाचे दिवस, आणि पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते.

सकाळपासून पाऊस धरून होता. अकरापासून आम्ही गटाराच्या तोंडाशी छत्र्या घेऊन उभे. मी, नात, अभियंता, मामा, आणि काम नसल्यामुळे आलेले दहा जण. नातीने खडूने भिंतीवर रेघा मारल्या. आधी पाणी नेहमीसारखं खाडीकडे चाललं होतं. मग ते मंदावलं. मग थांबलं. एक पिवळी चप्पल गटारातून वाहत आली होती, ती तोंडाशी येऊन जागच्या जागी फिरू लागली, आणि थोड्या वेळाने उलटी निघाली. पेठेकडे. कुणी बोललं नाही. अभियंत्याने मोबाइल काढून चपलेचा व्हिडिओ घेतला.

पुढच्या अर्ध्या तासात मासळीवाल्यांच्या जागेवर घोट्याएवढं पाणी. वरून पेठेतलं येणारं, खालून खाडीचं, आणि दोघांना जायला जागा नाही. भरती ओसरायला लागली तसं पाणीही तासाभरात उतरलं. चप्पल मात्र कापडवाल्यांच्या पायरीशी राहिली.

2021 च्या 22 जुलैला चिपळूणची बाजारपेठ बुडाली, त्याला आज बरोबर तीन वर्षं. तिथली गोष्ट वाशिष्ठीच्या महापुराची, फार मोठी. आमचं पाणी घोट्याचं. पण त्या वर्षी तिथल्या व्यापाऱ्यांना धान्य आणि वह्या रस्त्यावर ओढून टाकताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वह्या भिजल्या की फुगतात आणि कपाटातून निघत नाहीत. कपाट फोडावं लागतं.

5 ऑगस्ट, सोमवार

अभियंत्याने अंदाजपत्रक स्वतःहून मागे घेतलं. याला मी मोठेपणा म्हणतो. नव्यात तीन कामं: बंदराकडच्या टोकाचं डांबर खरवडून रस्ता खाली नेणं, तेवढ्या भागाचं गटार नीट उतार देऊन बांधणं, आणि गटाराच्या तोंडावर झडप. आतलं पाणी ढकलेल तेव्हा उघडेल, बाहेरचं ढकलेल तेव्हा बंद होईल. मामा म्हणाले, मिठागरात आणि खारभूमीच्या बांधावर अशाच उघाड्या असतात, यात नवीन काय?

तोंड खाडीला लागून, म्हणजे सीआरझेड आलं, किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम. 2019 च्या अधिसूचनेत खाडीच्या काठची हद्द 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढी, यातलं जे कमी ते. आमचं तोंड त्यात नक्की बसतं. म्हणून नवीन बांधकाम काही करायचं नाही, जुन्या दगडी तोंडावरच झडप टांगायची. तरीही विचारणा करणारं पत्र पाठवलं.

पैसे जिल्हा नगरोत्थान या सरकारी योजनेतून मिळावेत असा प्रस्ताव. शोभेच्या दिव्यांचे खांब वगळले. कापडवाले शेठ म्हणाले, "मग लोकांना दिसणार काय?" खरंच, काहीच दिसणार नाही. कोरडी जमीन कुणी फोटोत काढत नाही.

2 सप्टेंबर, सोमवार

शनिवारी गणपती. माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीचं सामान, फुलबाजा, सजावटीचे कागद. नोंद लिहायला वेळ नाही. पेठ भरली आहे, आणि असे दहा दिवस आले की बैठकीत पुन्हा कुणीतरी म्हणतं, काय झालंय पेठेला, चांगली तर चाललीय.

16 ऑक्टोबर, बुधवार

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. कामाचा आदेश गेल्या शुक्रवारी निघाला होता, पण काम सुरू झालेलं नव्हतं म्हणून थांबलं. चार दिवस. मी काही लिहीत नाही.

मधल्या काळातली जमा: शाकारणीच्या पाच जोड्यांच्या आठ झाल्या. भांड्यांच्या दुकानाच्या अकरांपैकी सात जणांनी कुलमुखत्यारपत्र पाठवलं. डोंबिवलीचे काका स्वतः येऊन गेले आणि कंदिलाची काठी काढून नेली.

30 नोव्हेंबर, शनिवार

बुधवारी खोदाई सुरू झाली. डांबराचे थर झाडाच्या खोडासारखे मोजता येत होते. त्याच्याखाली जांभ्याची जुनी फरसबंदी, आणि कडेने जांभ्याचंच गटार, आताच्या गटारापेक्षा हातभर रुंद, उतार अजून शाबूत. आबांना खुर्चीवर बसवून आणलं. त्यांनी काठीने दगड ठोकून पाहिला आणि म्हणाले, "याच्यावर उडी मारून शाळेत जायचो." अभियंत्याने नवं गटार बांधायचं रद्द करून हेच साफ करून वापरायचं ठरवलं. वाचलेल्या पैशात मासळीवाल्यांचे ओटे, पेठेकडे तोंड करून. ओट्याच्या उंचीवरून दोन तास वाद. आराखड्यात अडीच फूट. काकी खाली बसून म्हणाली, "मी बसून कापते, उभी राहून नाही. नऊ इंच पुरे." नऊ इंच.

मुतारीची जागा अजून ठरलेली नाही. सगळ्यांना हवी आहे, कुणालाच आपल्या दुकानाशेजारी नको. माझ्या दुकानामागची बोळाची जागा देतो असं मी आज सांगितलं. घरी अजून सांगितलेलं नाही.

16 डिसेंबर, सोमवार

झडप होड्यांची कामं करणाऱ्या वर्कशॉपमध्ये बनली. शनिवारी बसवली. तपासायची कशी? पाऊस नाही, पण उधाण आहे. काल पौर्णिमा, दुपारनंतर प्रतिपदा लागली, परत एकाची पाऊणपट. थंडीत मात्र मोठी भरती रात्रीची. म्हणून काल रात्री साडेअकराला टॉर्च आणि मफलर घेऊन सगळे गटाराच्या तोंडाशी. पेठेतून चौघांनी बादल्यांनी पाणी सोडलं. झडप उघडली, पाणी गेलं.

बारानंतर खाडी वर चढू लागली. झडप कुरकुरली, मग चिकटून बसली. नातीच्या जुलैमधल्या खडूच्या रेघा पावसाने गेल्या होत्या, तिने नव्या मारल्या. पाऊण वाजला. बाहेर पाणी वरच्या रेघेला, आत गटार कोरडं. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यातून बोटाएवढी धार आत येत होती. अभियंता म्हणाला, रबरी पट्टी मागवावी लागेल, आठवडा जाईल. हार्डवेअरवाला काही न बोलता गेला आणि दुकान उघडून ट्रकची जुनी ट्यूब आणि कात्री घेऊन आला.

दीड वाजता धार थांबली. काकीने ओट्यावर बसून पाहिलं, म्हणाली इथे दिवा लावा, काही दिसत नाही.